गाडग्यातली भाकरी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचा प्रघात आहे. या वर्षी ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठे ग्रंथ चाळून विद्वत्तापूर्ण लिहिणे मला जमणारे नाही. म्हणून ज्यांना स्वतःला शाळा मिळाली नाही, पण ज्यांनी गावोगावच्या मुलांना शाळेची वाट दाखविली, अशा पुरुषाचे चरित्र आपल्यापुढे ठेवावे असे मनात आले. ते म्हणजे श्रीसंत गाडगे महाराज.

हे नाव सुचले त्याला एक निमित्त घडले. मागील थंडीत आपल्या पाककृतीच्या वर्गात एका भगिनीने इटली देशातील एक पदार्थ करून दाखविला. त्याचे नाव रिबोलिता. तिकडे तोस्काना म्हणून प्रांत आहे. फ्लॉरेन्स शहर त्यातच येते. तेथील शेतकऱ्यांच्या घरी पुष्कळसा पाव एकदम भाजून ठेवीत, आणि तोही बिनमिठाचा. चार दिवसांत तो वाळून दगडासारखा होई. मग घेवड्याचे पांढरे दाणे शिजवून, त्यांत कांदा, गाजर, कोबीच्या जातीची काळपट हिरवी पाने घालून दाट आमटी करावयाची. तीत तो शिळा पाव मुरवावयाचा आणि उरलेले दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळून खावयाचे. रिबोलिता म्हणजे पुन्हा उकळलेली. गरिबांचे हे जेवण आता मोठ्या हॉटेलांतून मिळते.

त्या दिवशी आपण सर्वांनी वाट्या पुसून खाल्ल्या आणि कृती वहीत उतरवून घेतली. मी आनंदाने घरी आले. ओट्यावर आदल्या दिवशीच्या दोन भाकऱ्या कागदात बांधून ठेवलेल्या होत्या. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना द्यावयाच्या म्हणून मीच त्या बांधल्या होत्या. आमच्या घरी शिळी भाकरी कोणी खात नाही. मीही खात नसे. परक्या देशाचा शिळा पाव मी कौतुकाने खाऊन आले, आणि घरची शिळी भाकरी मात्र दुसऱ्याच्या पदरात टाकावयाची! मला माझी लाज वाटली. जन्मभर अशीच शिळी भाकरी मागून खाणारे बाबा मला त्या वेळी आठवले.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात एका परीट कुटुंबात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई, आडनाव जानोरकर. मुलाचे नाव डेबूजी ठेवले. झिंगराजींना दारूचे व्यसन जडले. शेतीभाती, घरदार सगळे त्या व्यसनात बुडाले आणि डेबूजी अगदी लहान असतानाच वडील वारले. सखुबाई मुलाला घेऊन भावाच्या घरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी येऊन राहिल्या.

माहेरी आश्रयाला आलेल्या बाईचे जिणे कसे असते हे भगिनींना सांगावयास नको. भाकरीचा तुकडा मोडताना हात आखडतो. सखुबाई राबत होत्या आणि मुलगाही बसून खाणारा नव्हता. तो मामांची गुरे राखी, गोठा झाडी, पुढे औतही धरू लागला. वऱ्हाडात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, नाहीतर तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी हे कष्टकऱ्यांचे जेवण. रानात गेलेल्याच्या फडक्यात भाकरी आणि मिरची असली म्हणजे झाले. अशाच जेवणावर डेबूजी वाढला. कष्टाला वाघ, आणि रात्री भजनात तल्लीन, असा त्याचा लौकिक होता.

पुढे मामांची चांगली जमीन सावकाराच्या पाशात सापडली. अक्षरशत्रू माणसाला कागदावर काय लिहिले आहे ते कळत नाही; अंगठा उठला की रान गेले. घामाने पिकविलेले शेत असे जाताना डेबूजीने डोळ्यांनी पाहिले. दारूने बापाचे घर खाल्ले, अज्ञानाने मामाचे शेत खाल्ले. या दोन गोष्टी त्यांच्या काळजात जन्मभर रुतून राहिल्या. पुढील कीर्तनांत व्यसन, कर्ज आणि निरक्षरता यांवर त्यांनी जे कोरडे ओढले त्यांचे मूळ येथे आहे.

१८९२ साली डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिली मुलगी झाली. त्या काळी त्यांच्या समाजात बारशाला मटण आणि दारू यांचे जेवण घालावे लागे. ऋण काढावे, पण पंगत उठवावी, अशी रूढी. डेबूजींनी ती मोडली आणि भाऊबंदांना साधे गोडाचे जेवण वाढले. लोक रुसले, बोलले. पण ज्या घरात दारूने सत्यानाश केला त्या घरी ती पुन्हा पंगतीला येणार नाही, हे त्यांनी ठरविले होते. भगिनींनो, सुधारणेचा आरंभ पुष्कळदा स्वयंपाकघरातून होतो, तो असा.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. अंगावर फाटके वस्त्र, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे, एवढाच संसार बरोबर घेतला.

चरित्र लिहिणारे येथून पुढे बाबांच्या मागे जातात. परंतु आपण बायका. आपले मन क्षणभर कुंताबाईंपाशी थांबते. पदरी लहान लेकरे, घरात म्हातारी सासू, आणि कर्ता पुरुष न सांगता निघून गेलेला. त्या माउलीने कसे दिवस काढले असतील! बाबांच्या थोरवीला मी उणेपणा आणीत नाही. पण त्या थोरवीचे मोल एकट्या बाबांनी दिले नाही, त्यात कुंताबाईंचाही वाटा आहे, एवढे आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत तरी लिहिले जावे.

पुढील बारा वर्षे बाबा गावोगाव फिरत राहिले. अंगात चिंध्या जोडून केलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि डोक्यावर गाडग्याचे खापर. या वेषावरून कोणी त्यांना चिंधेबुवा म्हणत. त्या गाडग्यावरून गाडगेबाबा हे नाव रूढ झाले आणि डेबूजी हे नाव मागे पडले.

ते गाडगे काय कामाचे? उन्हात ती टोपी, तहान लागली की पेला आणि भूक लागली की ताट. कोणाच्या घरची ताजी भाकरी, कोणाच्या घरची कालची. कोणी वर आमटी ओतावी, कोणी भाजी, कोणी नुसती चटणी. सगळे त्याच एका खापरात. कोणत्या जातीच्या घरचे काय आले याची निवड त्यात होणे शक्यच नव्हते. चार घरची चार प्रकारची कालवणे भाकरीबरोबर एकत्र झाली की जात कोठली आणि गोत कोठले!

पण बाबांची भिक्षा ही नुसती भिक्षा नव्हती. गावात आल्याबरोबर ते खराटा घेऊन रस्ता झाडावयास लागत. गटार मोकळे करीत, उकिरडा उचलीत. कोणाची लाकडे फोडून देत. ते झाले म्हणजे भाकरी मागत. आधी काम, मग भाकरी, हा त्यांचा नेम. फुकटचे खाणे त्यांना चोरीसारखे वाटे. दिवसभर गावातील घाण झाडावयाची आणि रात्री कीर्तनातून लोकांच्या मनातील घाण झाडावयाची, असा त्यांचा दिनक्रम होता.

त्यांचे कीर्तन आपल्या नेहमीच्या कीर्तनासारखे नसे. अस्सल वऱ्हाडी बोलीत ते लोकांनाच प्रश्न विचारीत आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. दगडाच्या देवाला बकरे कशाला, लग्नासाठी कर्ज कशाला, माणसाला माणसाचा विटाळ कसा, हे विषय. तुकोबांचे अभंग आणि कबीराचे दोहे त्यांच्या जिभेवर असत. शिकलेले आणि अडाणी एकाच मांडवात बसून ऐकत आणि आपल्याच खुळेपणाला हसत. मुलांना शिकवा, हा तर त्यांचा ध्यास. घरची ताटे विकावी लागली तरी विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला, असे ते कळवळून सांगत. भाकरीला ताट नसले तरी पोट भरते, पण अक्षर नसले तर शेत जाते, हे दापुऱ्याला शिकलेले ते विसरले नव्हते.

वऱ्हाडात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन म्हणून क्षेत्र आहे. पौषात तेथे यात्रा भरते. काठ निसरडा, यात्रेकरूंचे हाल होत. बाबांनी स्वतः राबून आणि लोकांकडून श्रम घेऊन तेथे घाट बांधविला. यात्रेत आलेल्या लुळ्यापांगळ्यांना, महारोग्यांना ते जेवू घालीत. ज्यांच्याजवळ कोणी उभे राहत नसे त्यांना स्वतःच्या हाताने वाढीत.

पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना उतरावयास जागा नव्हती. देव सर्वांचा, पण ओसरी कोणाचीच नाही. १९१७ साली बाबांनी तेथे चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले आणि या बांधवांना हक्काचे छप्पर दिले. १९४९ साली ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्या खापरात सर्व जातींची भाकरी एक झाली होती, त्या खापराच्या धन्याला हेच शोभत होते.

आता आपल्या नाशिककडे येऊ. याच नाशकात १९३० साली काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला, आणि याच नाशकात गोदावरीच्या काठी बाबांनी धर्मशाळा उभी केली. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात आपण भाजीला जातो. त्या परिसरातील गाडगे महाराज पूल आणि गाडगे महाराज धर्मशाळा आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. रिक्षावाल्याला आपण हे नाव सांगतो आणि उतरतो. नाव कोणाचे याचा विचार मीही कधी केला नव्हता. आळंदी, देहू, पंढरपूर येथेही त्यांच्या धर्मशाळा झाल्या. मुंबईत दूरच्या गावांहून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी सोय केली. आजारी माणसाजवळ बसलेल्या बाईला रात्री पाठ टेकावयास जागा आणि पोटाला दोन घास मिळणे म्हणजे काय, हे जिच्यावर प्रसंग आला तिलाच कळते.

या कामांसाठी लाखो रुपये बाबांच्या शब्दावर जमले. त्यांतील एक पैसा त्यांनी स्वतःसाठी घेतला नाही. संस्थेचे अन्न गरिबांसाठी. घरच्या माणसांचा त्यावर हक्क नाही, हा त्यांचा दंडक होता. हजारोंच्या पंगती उठवून बाबा स्वतः बाजूला बसून मागून आणलेली चटणी-भाकरी खात. पक्वान्न करावयाचे ते दुसऱ्यासाठी आणि शिळे खावयाचे ते आपण, अशी त्यांची रीत. आपल्या घरांतून ती नेमकी उलटी झाली आहे.

१९२३ साली कोकणात कीर्तन चालू असता मुलगा गोविंद गेल्याची बातमी त्यांना कळली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. कोणी याला वैराग्य म्हणतील. मला वाटते, समोर बसलेली माणसेही त्यांना गोविंदाइतकीच आपली वाटत असावीत. मात्र दूर वऱ्हाडात कुंताबाईंनी तो दिवस कसा काढला, हा प्रश्न येथेही मनातून जात नाही.

१९५२ साली त्यांच्या संस्थांचा कारभार नीट चालावा म्हणून गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. १९५४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडला काढलेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाच्या नावाने कॉलेज झाले! आज तर अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकर गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी देह ठेवला. घर सोडून फिरणाऱ्याला मरणही रस्त्यातच आले. अमरावतीस त्यांची समाधी आहे.

आता पुन्हा त्या दोन भाकऱ्यांकडे वळते. त्या दिवशी मी त्या कागदातून सोडल्या आणि इटलीची कृती बाजूला ठेवून आपल्या घरच्या जिनसांची आमटी केली. ती येथे देते.

सहा माणसांसाठी १ वाटी चवळी रात्री भिजत घालावी. सकाळी मऊ शिजवून त्यातील तिसरा हिस्सा पळीने घोटून घ्यावा, म्हणजे आमटीला दाटपणा येतो. २ पळ्या तेलात १० पाकळ्या ठेचलेला लसूण लाल करावा, त्यावर २ कांदे, १ गाजर, वाटीभर लाल भोपळा आणि २ टोमॅटो बारीक चिरून परतावे. हळद, २ चहाचे चमचे काळा मसाला आणि मीठ घालावे. मग चवळी आणि ७ वाट्या गरम पाणी घालून पंधरा मिनिटे उकळू द्यावे. शेवटी चाकवताची किंवा पालकाची एक जुडी चिरून टाकावी. ज्वारीच्या ३ शिळ्या भाकऱ्यांचे जाडसर तुकडे करून तव्यावर कोरडेच शेकावे. न शेकता घातले तर पिठले होते. माझे पहिल्या वेळी तसेच झाले. तुकडे आमटीत सोडून मंद आंचेवर पाच मिनिटे ठेवावे आणि झाकून दहा मिनिटे मुरू द्यावे. वर कच्चे तेल आणि कोथिंबीर.

उरल्यास निवल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी थोडे पाणी घालून चांगली खळखळ उकळावी. चव दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते. उन्हाळ्यात बाहेर ठेवू नये, कडधान्य लवकर आंबते. भाकरी शिळी चालते, बुरसटलेली चालत नाही. आपण जे तोंडात घालणार नाही ते दुसऱ्यासाठीही ठेवू नये.

त्या दुपारी मावशी भांडी घासायला आल्या तेव्हा मी दोन ताटल्यांत आमटी वाढली आणि त्यांना स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसविले. त्या संकोचल्या. खरे सांगावयाचे तर मीही संकोचले. इतक्या वर्षांत आम्ही एकत्र जेवलो नव्हतो. दोन घास गेल्यावर त्यांनी भोपळ्याऐवजी वांगे घालून पाहावयास सुचविले. पुढच्या खेपेला मी वांगे घातले. त्यांचे बरोबर होते. आता आठवड्यातून एकदा आमचे असे जेवण होते. शिळ्या भाकरीला आता घरातली मुलेही नाक मुरडीत नाहीत.

येत्या २० डिसेंबरला आपल्या मंडळाने हार-तुरे आणि भाषणे थोडी कमी करावीत, अशी माझी सूचना आहे. सकाळी प्रत्येकीने घरून एक भाकरी आणि एक मूठ चवळी आणावी. आधी सर्वांनी मिळून मंडळासमोरची गल्ली झाडावी. ती गल्ली रोज झाडणाऱ्या भगिनींना त्या दिवशी झाडू न देता पाहुण्या म्हणून बोलवावे. मग एकाच मोठ्या पातेल्यात आमटी शिजवून सर्वांनी एका पंगतीत बसावे. बाबांची पुण्यतिथी याहून निराळी कशी साजरी करावी हे मला सुचत नाही.